रेजिनाच्या पोटातली जाळी

वसईजवळच्या निर्मळ गावातल्या रेजिनाला बाळंतपणानंतर बेंबीपाशी हर्निया झाला. डॉक्टर आत जाळी बसवू म्हणाले. तिचा नवरा आलोशियस, ज्याला स्वतःचा ताप मोजता येत नव्हता, मध्येच बोलला, “जाळी मासे धरायला असते. नुसते टाके घाला.” डॉक्टरांनी नुसते टाकेच घातले. वर्षभरात फुगवटा परत आला.

२००१ साली दुसऱ्या ऑपरेशनला तिनेच डॉक्टरांना बजावलं, “जाळी घाला. ह्यांना विचारू नका.” आता चार वर्षं झाली. वाकताना कधी ओढ बसते, पण फुगवटा आलेला नाही.

परवा चर्चमधली मिस्सा संपल्यावर शेजारच्या जीनाने रेजिनाला स्वतःच्या हर्नियाचं विचारलं. आलोशियस छाती फुगवून म्हणाला, “जाळीच घाल. हिलाही मीच घालायला लावली.”

रेजिनाला त्याची किळस आली. “जीना, डॉक्टरांना विचार,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “ह्या माणसाला बढाईपलीकडे काही येत नाही.”