शेवट मोकळा सोडलेला साखरपुडा

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण माझ्या हातात माइक तेवढा देऊ नका! हसताय काय? आमच्या सासुरवाडीत हा आता नियमच झालाय.

झालं काय, हल्ली वसईत साखरपुड्याला एक नवीनच खूळ निघालंय. अंगठ्या घालायच्या आधी घरातलं कुणीतरी स्टेजवर जाऊन मुला-मुलीची 'लव्ह स्टोरी' सांगतं. मागे बासरी वाजते, बायका रुमाल काढून बसतात. माझ्या मेहुण्याच्या मुलीचा, प्रणालीचा साखरपुडा ठरला आणि ती धावत आमच्या नायगावच्या फ्लॅटवर आली.

"काका, माझी स्टोरी तुम्हीच सांगायची. घरात लेखक दुसरं कोण आहे?"

बस! ह्या एका वाक्यावर मी फुगलो. लेखक म्हणजे काय, दोन दिवाळी अंकांत दोन कथा. त्यातला एक अंक पुढच्या वर्षी बंद पडला, पण तो माझ्या कथेमुळे नव्हे!

आता त्यांची स्टोरी ऐका. प्रणाली सातिवलीला एका गोडाऊनच्या ऑफिसात. नवऱ्या मुलाचा, हितेशचा वालीवला छोटासा वर्कशॉप. एका संध्याकाळी हिची स्कूटर बंद पडली. त्याने ती ढकलत ढकलत पार गॅरेजपर्यंत नेली, आणि तिथे कबूल केलं, "पेट्रोल संपलंय, हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता ना."

गोड आहे की नाही? मला वाटलं, फारच फिल्मी. कापून टाकलं.

माझी बायको सुनंदा मात्र अशा गोष्टींवर जगते. वाचनालयातून गुलाबी कव्हरच्या प्रेमकादंबऱ्या आणते आणि डाळीला फोडणी देता देता वाचते. ती म्हणाली, "हे बघा, सरळ सांगा. दोघं भेटले, अडचण आली, शेवटी एकत्र आले. आणि सगळा वेळ गोष्ट त्या दोघांचीच राहिली पाहिजे."

"शेवट आधीच माहीत असलेली गोष्ट ऐकायची कशाला?" मी म्हणालो. "प्रेमाची खरी कथा मोठी असते, सुनंदा. तिच्यात समाज असतो, काळ असतो, एकटेपण असतं."

"असू दे. पण साखरपुड्यात नसतं." एवढं बोलून ती कुकरकडे वळली.

आणि एक गोष्ट मी विसरलो होतो. हितेशची आई ह्या लग्नाला आधी तयारच नव्हती. तिला भावाची मुलगी सून करून आणायची होती. कितीतरी महिने घरात अबोला होता, मग कुठे ती हो म्हणाली, तेही तोंड वाकडं करून. म्हणजे साखरपुडा ठरला होता, पण विहीणबाई कधीही उठून चालत्या होतील अशी परिस्थिती. अशा वेळी माणसाने किती जपून बोलावं? आणि मी काय केलं?

साखरपुड्याच्या दिवशी स्टेजवर चढलो आणि खाडीपासून सुरुवात केली! मग बुजलेली मिठागरं, मग नवे टॉवर, मग मुलीच्या बापाचं एकटेपण. माझा मेहुणा पहिल्या रांगेत चपापून बसला होता. बिचाऱ्याला एकटेपण कुठलं, घरात अकरा माणसं! नायक-नायिका आली तीन ओळींपुरती. बासरीवाल्याने कंटाळून बासरी खाली ठेवली. आणि मी आवाज खोल काढून शेवट केला:

"ती पुलावर उभी होती. मागे घर, पुढे तो. दूर एक पाठमोरा माणूस धूसर होत चालला होता. तिने पाऊल उचललं. कोणत्या दिशेने? ते ज्याने त्याने ठरवावं."

आणि थांबलो. टाळ्यांसाठी.

टाळ्यांऐवजी विहीणबाईंचा आवाज आला. "म्हंजे? पोरगी जानार कोनाकडं?"

"तसं नाही विहीणबाई, शेवट मोकळा सोडलाय."

"कशाला सोडलाय? आमी इतकी मान्सं घेऊन आलो, तरी पोरीचा अजून ठरला नाय?"

"अहो, आयुष्यात खात्री कशाचीच नसते..." हे मी का बोललो? देव जाणे!

हितेशचा मामा उभा राहिला. हा तोच मामा, ज्याची मुलगी सून होणार होती. "आनि तो पाठमोरा मानूस कोन?"

"तो... तो तिचा भूतकाळ."

"भूतकाळ! बगा ताई, पयला कोनतरी व्हता!"

झालं! विहीणबाईंनी पर्स उचलली. प्रणाली मेकअपसकट रडायला लागली. मेहुणा माझ्या कानात म्हणाला, "दाजी, खाली उतरा, नाहीतर मी चढतो."

तेवढ्यात सुनंदाने माझ्या हातून माइक हिसकावला. "बसा हो सगळे! गोष्ट संपली नाही. ह्यांनी महत्त्वाचं सगळं घरीच ठेवलंय." आणि तिने ती स्कूटर, ते ढकलणं, ते पेट्रोल, सगळं मीठमसाला लावून सांगितलं. घामाघूम हितेश, शेजारून चालणारी प्रणाली.

विहीणबाई दारापर्यंत पोचल्या होत्या, त्या वळल्या. "म्हंजे त्या दिशी ह्यो उशिरा आला नि मला सांगला मशीन बिगडली, ती ही मशीन?"

अख्खा हॉल हसला. हितेश लाजून खाली बघायला लागला. विहीणबाईही हसल्या.

सुनंदा स्टेजवरून उतरली, त्यांच्यापाशी गेली आणि ओटीचं ताट पुढे धरलं. "पुलापलीकडे त्याची आई उभी होती. आता पुढचं तुम्हीच सांगा, विहीणबाई."

विहीणबाईंनी पर्स मामाकडे दिली, स्टेजवर चढल्या, आधी प्रणालीचे डोळे पुसले आणि मग तिची ओटी भरली. बासरी परत सुरू झाली. मी खांबाआड उभा राहून बायकोकडे बघत होतो. खरं सांगतो, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ती मला इतकी कधीच आवडली नव्हती.

लग्नात मला पार्किंगला उभं केलं. माइकपासून शक्य तितकं लांब.

आणि परवा रविवारी दुपारी काही सुचेना, म्हणून सुनंदाची एक गुलाबी कादंबरी सहज चाळायला घेतली. अहो, मध्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण! तो बंगळूरला निघून गेला, ती फोन उचलेना. माझा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच शेवटचं पान उघडलं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "होतं हो त्यांचं लग्न! आता चहा घ्या."