ताटलीच्या कडेला सारलेली केळी

मी निघाले तेव्हा ट्रक भरून झाला होता. आमच्या रावेरकडे केळी हिरवीच कापतात आणि हिरवीच पाठवतात; पिकायची ती मुंबईकडे जाऊन. घडांवर पानं टाकून दोर आवळले. ट्रक मामाच चालवायचा, त्यानं मला पुढे बसवलं. बाबा गेले होते, नववी अर्धी राहिली होती, आणि पनवेलच्या मावशीनं माझ्यासाठी काम बघितलं होतं. माय शेतातून तशीच आली. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कशानंच जात नाहीत. म्हणाली, "कोणाले उलटं बोलू नको. पोटभर जेवत जा." एवढंच. मी वळून बघितलं तर ती माझ्याकडे नाही, ट्रकच्या चाकांकडे बघत होती.

गावातल्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटतं मी इकडे आले आणि धीट झाले. कुठलं काय! पनवेलजवळ सुकापूरला मावशीच्या खोलीत पहिले कितीतरी दिवस मी दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासायचे. घरमालकीण हसायची. "कशाला घाबरतं गो पोरी? आमी हाय ना!" खांदा कॉलनीतल्या एक ताई घरीच केक करून विकायच्या, त्यांच्याकडे मी भांडी घासायला लागले. मग त्यांनी हातात अंडी दिली. मी इतकी जपून फोडायचे की त्या म्हणायच्या, "तू अंडं फोडतेस की त्याची माफी मागतेस?" ओरडल्या कधीच नाहीत. आज माझ्या हाताला जी काही चव आहे ती त्यांची आहे. देवासमोर हात जोडते तेव्हा त्यांचं नाव आपोआप येतं.

बनॉफी पाय, म्हणजे केळ्याचा एक विलायती गोड पदार्थ, मी त्यांच्याकडेच शिकले. भट्टी लागत नाही. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून डब्यात दाबून बसवायचा. लोणी, साखर आणि डब्यातलं घट्ट दूध मंद आचेवर हलवत राहायचं. हात थांबला की तळाला लागतं. काकवीसारखा रंग आला की उतरवायचं, बिस्किटांवर ओतून थंड करायचं, त्यावर केळ्याच्या चकत्या आणि वर फेटलेली साय. केळी निवडायचं काम ताई माझ्यावरच सोडतात. साल ठिपक्यांची झाली पाहिजे, पण आत मऊ पडता कामा नये. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्याकडची केळी इथं पिवळी होऊन हातगाडीवर भेटतात, तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

मागच्या वर्षी माय पहिल्यांदाच इकडे आली. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ताईंनी मला कामात भागीदार करायचं ठरवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. म्हणजे आता गावी राहायला यायचं नाही. हे नुसतं तोंडानं सांगायचा मला धीर नव्हता, म्हणून आधी बनॉफी पाय केला.

मायनं ताटली वळवून वळवून बघितली. "हे तूच केलं वं?" मग बिस्किट खाल्लं, खालचं गोड खाल्लं, आणि चकत्या एकेक करून कडेला सारल्या.

मला लागलं. "माय, आपल्याच केळ्याला नाक मुरडते?"

मावशी म्हणाली, "तिनं केळं सोडलंय गं. तू ट्रकात बसली, तेव्हापासून."

केळीच्या गावात राहून! मी सणाला गावी जायचे तेव्हा बघायचे, उपासाला सगळ्या बाया केळी खायच्या आणि ही शेंगदाणे चावत बसायची. मला वाटायचं, केळं तिला बाधतं म्हणून.

"पोर कायमची घरी आली का खाईन, असं बोलली मी देवीले," माय म्हणाली. "तुझ्या धाकट्या भावानं तुझ्यासाठी पुढची खोली रंगवली. सांग, कधी येते?"

मी चमचा पुसत राहिले. तो पुसलेलाच होता.

मायनं खोलीभर नजर फिरवली. फ्रिज, माझी भांडी, खिडकीतली तुळस. चुलीवरच्या भाताला किती वेळ लागेल हे बघावं, तसं शांतपणे. मग तिनं ताटली ओढली आणि कडेच्या चकत्यांतली एक उचलून तोंडात घातली. तोवर त्या काळ्या पडायला लागल्या होत्या. मग दुसरी.

"अगं, अगं!" मावशी म्हणाली.

"चांगलं पिकलं," माय म्हणाली, आणि बोटं चाटून ताटली माझ्या हातात दिली. मला काही सांगावंच लागलं नाही.

परवा भावाचा फोन होता. "ताई, माय आता रोज एक केळं खाते बरं का." मला बरं वाटेल असं त्याला वाटलं. मी म्हटलं, खाऊ दे, ताकद येईल.

माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, तुम्हाला कुणी विचारलं, घर कुठं, तर तुम्ही काय सांगता? मी रावेर सांगायचे. तिथं कुणीतरी माझ्यासाठी केळ्याला नको म्हणत होतं, हे मला माहीत नव्हतं, तरी ते घर होतं. आता माहीत झालंय, आणि आता तिथं माझी वाट बघत कुणी केळ्याला नको म्हणत नाही.