टेलरच्या तसबिरीतली नजर

फोटोत कुणाचे डोळे मिटले गेले की ते उघडून द्यायचं काम काकूंकडे असे. लग्न होऊन त्या फोटो स्टुडिओवाल्याच्या घरात आल्या, तेव्हापासून नवरा फोटो काढायचा आणि त्या बारीक ब्रशनं मिटल्या पापण्यांवर बुबुळं रंगवायच्या. काम इतकं बेमालूम, की ज्याचे डोळे त्यालाही पत्ता लागत नसे. पुढे ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा आला, स्टुडिओ बसला, आणि काकूंनी फोटोवरून तैलरंगातल्या तसबिरी करायला घेतल्या. नाक-कान कुणीही काढेल, माणूस उतरतो तो डोळ्यांत, असं त्यांचं म्हणणं. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात जा, त्यांची तसबीर तुमच्याकडे बघतच राहायची. बाजारात त्यांना ‘डोळेवाल्या काकू’ म्हणत. नवरा म्हणायचा, आधीच हिचे दोन डोळे माझ्यावर, त्यात ही सगळी फौज.

एके दिवशी दुकानात सासू-सून आल्या. म्हाताऱ्या आजींचा मुलगा आजारपणात गेला होता. टेलर होता, कापड बेतण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तसबीर करायची होती, पण फोटो दोनच. एकात काळा गॉगल, दुसऱ्यात घोळक्यामध्ये नखाएवढा चेहरा. काकूंनी विचारलं, नजर कशी होती? आजींचा चेहरा एकदम उजळला.

“वाघासारखी. नुसतं बघितलं की घर चिडीचूप.”

सून शेजारी बसून पिशवीच्या बंदाला पीळ घालत होती. काकूंनी तिलाही विचारलं. आई सांगतात तशीच, एवढंच ती म्हणाली आणि पीळ सोडून पुन्हा घालायला लागली.

काकू कामाला लागल्या. चेहरा जमला, मग डोळे. खालची पापणी किंचित ताणली, भिवया आत ओढल्या, बुबुळातला पांढरा ठिपका अगदी बारीक ठेवला. ब्रश खाली ठेवून मागे सरकल्या, तर माणूस समोर उभा! इतकं जिवंत काम कधी झालं नव्हतं. पण आनंद काही होईना. ब्रश धुताना पाठीवर कुणाची तरी नजर आहे असं वाटे आणि आपण ब्रश नीट धुतोय ना, असा विचार मनात येई. डबा उघडला की घास घशाखाली उतरेना. तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवून पाहिली, तर ती मागून काय बघत असेल याचीच धास्ती. दुपारी नवरा चहा घेऊन आला. एरवी कप दणकन आदळणारा माणूस, त्यानं तो आवाज न करता टेबलावर ठेवला, आणि मग स्वतःच चमकून म्हणाला, “मी का दबकून चालतोय?”

दुसऱ्या दिवशी सून एकटीच आली. तसबीर बघायची म्हणाली. काकूंनी ती वळवली आणि सुनेचे खांदे वर चढले, जणू कुणी मागून हाक मारली. मग हळू आवाजात म्हणाली, “काकू, माझी मुलगी आता कुठे जेवताना बोलायला लागलीये. ही तसबीर जेवणाच्या टेबलासमोर लागणार आहे.”

काकूंनी तसबीर पुन्हा भिंतीकडे वळवली. ती पुढे म्हणाली, “हात नाही उचलला कधी. गरजच पडली नाही.”

गॉगलच राहू द्या, नाहीतर काहीही करा, पण ही नजर नको, आणि मी येऊन गेले हे आईंना कळू देऊ नका, असं सांगून ती निघून गेली.

आता काकूंची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. मुलगा गेलेली आई. तिला तिचा मुलगा हवा होता आणि तो हुबेहूब उतरला होता. त्यात लबाडी करायची? करून पाहिलीही. डोळे मऊ केले, तर चेहरा कुणा परक्याचा झाला, म्हाताऱ्या आजींनी बघताक्षणी लबाडी ओळखली असती. परत होते तसे रंगवले. रस्त्यात लहान मुलीचा आवाज आला तरी काकूंचा ब्रश थबकायचा. आजींचा निरोप आला, उद्या येतोय. शेवटी ठरवलं, आहे तेच दाखवायचं. आजी ‘बांधून द्या’ म्हणाल्या तर काय करायचं, हे मात्र ठरवता आलं नाही.

दोघी आल्या. काकूंनी तसबिरीवरचं कापड काढलं. आजी पुढे व्हायच्या त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या, आणि त्यांनी शेजारी उभ्या सुनेचं मनगट घट्ट धरलं. सून त्या हाताकडे बघत राहिली.

“माझा मुलगाच आहे हा,” आजी म्हणाल्या. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. “डोळे त्याच्या वडिलांचे. उभा जन्म मी या डोळ्यांसमोर जेवले. झाका हो जरा.”

काकूंनी कापड टाकलं. आजी खुर्चीत बसल्या तरी मनगट सोडेनात. काकूंनी भीत भीत विचारलं, तो कधी वेगळं बघायचा का? आजींनी आठवून पाहिलं. इतका वेळ गेला, की काकूंना वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आईला एकही आठवण सापडली नाही तर?

उत्तर सुनेनं दिलं. “कापड बेतताना. कात्रीनं कापडाला दुखेल की काय, असं बघायचे.”

“हो,” आजी म्हणाल्या. “ओठ पुढे काढून. लहानपणापासून.” आणि तिथे त्या पहिल्यांदा रडल्या.

काकूंनी त्याच कॅनव्हासवर डोळे खाली झुकवले. पापण्या उतरल्या, बुबुळाची जेमतेम कोर उरली. खाली कापडाची कड आणि कात्रीवरची बोटं आली. डोळ्यांसाठी नावाजलेल्या बाईनं डोळेच झाकले, हे त्यांना खुपत होतं, पण ओठ जरा पुढे काढल्यावर चेहरा आपोआप बसला.

तसबीर लावायला त्या स्वतः गेल्या. मुलगी शाळेतून आली, दारातच थबकली. वर बघितलं आणि आजीला विचारलं, “बाबा कामात आहेत?”

“हो गं, कामात आहेत.”

मुलगी जेवायला बसली. दोन-तीनदा तिनं मान वर करून खात्री करून घेतली. मग शाळेत कुणाची चप्पल हरवली ते सांगायला लागली, आधी पुटपुटत, मग घास तोंडात तसाच ठेवून.

काकूंचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. वरचा रंग पातळ असला तर वर्षानुवर्षांनी खालचं चित्र वर डोकावतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या पापण्या त्यांनी जाड रंगात दोनदा दिल्या होत्या. तरी त्या रस्त्यानं गेल्या की काहीतरी निमित्त काढून त्या घरात शिरतात, पाणी मागतात, आणि पिता पिता पापण्या निरखून घेतात. आणि हल्ली कुणी तसबीर करायला आलं, की माणूस कसा होता हे विचारायच्या आधी त्या विचारतात, समोर कोण बसणार आहे?