मोठ्या बाईंना हवा असलेला तास

वर्षभर प्रभारी म्हणून मुख्याध्यापिकेची खुर्ची सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंना आज दुपारी एकच्या आत संस्थेला लेखी कळवायचं होतं: खुर्ची कायमची घेणार, की परत गणिताच्या शिक्षिका होणार? सकाळी देवापुढे हात जोडले, पण नेमकं काय मागावं हेच सुचेना. नुसताच नमस्कार करून त्या शाळेत निघून आल्या.

ऑफिसात भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे कारकून, कोरा कागद ठेवून उभेच. "हो की नाही, एवढंच तर लिहायचंय, बाई."

"तुम्हाला लिहायचं असतं तर कळलं असतं."

तेवढ्यात विज्ञानाच्या बाई कपाळ दाबत आल्या. डोकं ठणकतंय, सातवीचा तास जमणार नाही म्हणाल्या.

"पडा जरा. मी घेते," म्हणत मोठ्या बाईंनी खडू उचललासुद्धा.

वर्गात त्यांनी अपूर्णांकांची बेरीज मांडली आणि मुद्दाम चुकवली. चूक सापडताच पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. घंटा झाली तेव्हा बाईंच्या बाहीवर खडूची भुकटी होती आणि कागदाची आठवणही नव्हती.

शिक्षकखोलीत विज्ञानाच्या बाई मजेत वह्या तपासत होत्या.

"उतरलं वाटतं डोकं?"

"खरं सांगू, बाई? दुखतच नव्हतं. आम्ही पाळ्या लावल्यात. काल चित्रकलेच्या सरांची कंबर होती."

"कशासाठी?"

"तुम्हाला तास मिळावा म्हणून. नाहीतर दुपारपर्यंत तुम्ही सगळ्यांवर खेकसता. शिकवून आलात की माणसात येता."

मोठ्या बाई बाकावर बसल्या. रागवावं तर कुणावर? "म्हणजे मी वर्गातच बरी, असंच ना?"

"छे हो. तुमच्या जागी दुसरं कुणी आलं, तर आमची डोकी खरीच दुखतील."

हे कौतुक की टोमणा, ते त्यांना उमजेना. एकला दोन मिनिटं कमी असताना ऑफिसात येऊन त्यांनी कागदावर होकार लिहिला. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: मला रोज एक तास शिकवू द्यावं.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "अशी अट चालत नाही, बाई."

"मग खोडू?"

"खोडलेला कागदही चालत नाही. आणि नवा लिहीपर्यंत एक वाजेल."

"मग जाऊ दे तसाच."

पाकिटात कागद घालता घालता ते अडखळले. "अभिनंदन करू ना?"

"थांबा जरा," मोठ्या बाई म्हणाल्या, "आधी मलाच कळू दे."