लोखंडाआधी आलेला रिपोर्ट

अंबरनाथच्या आमच्या वस्तीत विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. आठ टेबले, वर पत्र्याचे छप्पर, आणि छप्पर पेलणाऱ्या सहा लोखंडी कैच्या. एमआयडीसीच्या शेजारी लोखंड टिकत नाही हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. खिडकीचे गज लोक दरवर्षी रंगवतात. कैच्यांकडे मात्र मान वर करून कोणी पाहिले नव्हते. एका सकाळी गंजलेल्या अँगलचा हातभर तुकडा खालच्या टेबलावर पडला. त्या टेबलावर पोलीस भरतीची तयारी करणारी मोरिवलीची एक मुलगी बसायची. ती पाणी प्यायला उठली होती. तिच्या पुस्तकाचे मधोमध दोन भाग झाले. त्याच दिवशी अभ्यासिकेला कुलूप लागले आणि मुले विहाराच्या ओट्यावर बसू लागली.

विहाराच्या समितीत ठरले की नव्या कैच्या नुसत्या रंगवायच्या नाहीत, वितळलेल्या जस्तात बुडवून काढायच्या. याला सगळे गॅल्वनाईज म्हणतात. जस्त सगळीकडे नीट चढले तर लोखंड वर्षानुवर्षे टिकते. जिथे चढले नाही तिथून गंज आत शिरतो. नव्या छपराच्या नकाशावर सही करणाऱ्या इंजिनिअरची अट होती: काम मान्यताप्राप्त कारखान्यातूनच, आणि सोबत टेस्ट रिपोर्ट. त्याशिवाय कुलूप निघणार नाही.

कारखाना निवडण्याचे काम माझ्याकडे आले. "तुम्ही पेपरवाले, तुम्हाला कागद कळतात," असे अध्यक्ष म्हणाले. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वर्षे काढल्यामुळे मलाही ते खरे वाटत होते.

तीन कारखाने पाहिले. उल्हासनगरच्या मालकाकडे प्रमाणपत्रच नव्हते आणि त्याने ते लपवले नाही. "साईं, कागद पाहिजे तर दुसरीकडे जा. काम पाहिजे तर टाकीजवळ येऊन उभे राहा," तो म्हणाला. बदलापूरच्या कारखान्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तिसऱ्या ठिकाणी प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. मी त्याचा क्रमांक, पत्ता, मुदत, प्रक्रियेचे नाव, सगळे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवर पडताळले. सगळे जुळले. जस्ताची टाकी मागच्या शेडमध्ये होती. मॅनेजर म्हणाले, "आत धूर असतो सर, कपडे खराब होतील. चहा घ्या." मी चहा घेतला. टाकी पाहिली नाही.

कैच्या मोरिवलीच्या एका वेल्डरकडे तयार होत होत्या. त्या पूर्ण झाल्या आणि समितीची बैठक बसली. त्याच वेळी माझ्या मोबाईलवर मी निवडलेल्या त्या तिसऱ्या कारखान्याचा टेस्ट रिपोर्ट आला. मी तो मोठ्याने वाचला. बारा जागी जस्ताच्या थराची जाडी मोजली होती. बाराही जागी तोच आकडा. शेरा: पास.

"बघा, याला म्हणतात काम!" अध्यक्ष म्हणाले. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

ती भरतीची मुलगी दाराशी उभी होती. "काका, आपल्या कैच्या बुडवल्या कधी?"

"म्हणजे काय? रिपोर्ट आला की," मी म्हणालो.

"पण त्या वेल्डरच्या दारातच पडल्यात. मी आत्ता त्यांच्यावरून उडी मारून आले."

मग अध्यक्ष म्हणाले, "अगं, टेस्टिंग आधी होत असेल."

समितीतले एक काका जन्मभर कारखान्यात ॲसिडच्या टाकीवर राबलेले. ते म्हणाले, "हो ना. पेशंट घरी आणि ऑपरेशन सक्सेस."

रिपोर्ट मी वाचला होता, तारखेसकट. ज्या एका प्रश्नासाठी मला नेमले होते, तो माझ्या तोंडून आला नाही.

मी मॅनेजरना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ते गडबडले नाहीत. "सर, ते फॉरमॅट असतं. इंजिनिअर लोकांना फाईल लवकर लागते, म्हणून आम्ही कस्टमरला सपोर्ट करतो."

"मोजलं काय तुम्ही?"

"नमुन्याची पट्टी, सर. आमच्याकडे रेडी असते."

"आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र?"

"ते ओरिजिनल आहे सर!" त्यांचा आवाज दुखावलेला होता. आणि ते खरे बोलत होते. प्रमाणपत्र बनावट असते तर संताप सोपा झाला असता. इथे शिक्का खरा, क्रमांक खरा, मुदत खरी, आणि त्यांच्या आधाराने न मोजलेले लोखंड आठ टेबलांवर चढणार होते.

समितीत दोघे म्हणाले, रिपोर्ट पास आहे, कशाला वाढवता. भरतीची परीक्षा तोंडावर आली आहे. उल्हासनगरला गेलो तर इंजिनिअर सही करणार नाही. शेवटी ठरले की काम त्याच मान्यताप्राप्त कारखान्यात द्यायचे, पण काका, ती मुलगी आणि मी टाकीजवळ उभे राहायचे. मॅनेजर "सेफ्टीचा प्रश्न आहे" म्हणाले. काका म्हणाले, "आमच्या छपराखाली येऊन बसा एकदा, मग सेफ्टीवर बोलू."

पहिली कैची टाकीतून चकाकत वर आली. काकांनी ती गार होऊ दिली आणि खडूने गोल काढायला सुरुवात केली. वेल्डिंगच्या सांध्यांपाशी काळे ठिपके होते. वेल्डिंगचा मळ कोणी खरवडला नव्हता, त्यामुळे तिथे जस्त चढलेच नव्हते. एक कामगार सवयीने चंदेरी स्प्रेचा डबा घेऊन आला. काकांनी त्याचे मनगट धरले.

"भाऊ, ही पावडर नवरीला लाव. याला परत बुडव."

कामगार हसला. "काका, इथे आत आलेलं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही."

सहापैकी चार कैच्या मळ काढून, साफ करून पुन्हा बुडवाव्या लागल्या. "आमची पूर्ण शिफ्ट खाल्लीत तुम्ही," मॅनेजर म्हणाले. मग थराची जाडी मोजायचे मीटर आले. काका बोट ठेवतील तिथे मोजायचे आणि मुलीने वहीत लिहायचे. बारा जागांचे बारा वेगळे आकडे आले. दोन अगदी काठावरचे, पण पास. रिपोर्ट त्याच वहीवरून टाईप झाला.

मी दोन्ही रिपोर्ट इंजिनिअरसमोर ठेवले आणि पहिला कसा आला ते सांगितले. त्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहिले.

"पहिला क्लीन आहे," ते म्हणाले. "तोच लावू या. यात आकडे वर-खाली का आहेत?"

"हे मोजलेत म्हणून, सर," मुलगी म्हणाली.

ते तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "पुढे कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार? सगळे सारखे असले की कोणी विचारत नाही."

पहिला रिपोर्ट मी त्यांच्या हातातून काढून घेतला. पुढे दोन्हींच्या प्रती जोडून मान्यता देणाऱ्या संस्थेकडे तक्रार पाठवली. तक्रार मिळाल्याची एक ओळ आली, त्यानंतर काही नाही. वेबसाईटवर तो कारखाना आजही वैध दिसतो.

इंजिनिअरनी नवा रिपोर्ट फाईलला लावला, सही केली, आणि समासात शेरा मारला: "आकडे एकसारखे नाहीत." अभ्यासिका त्याच कागदावर उघडली.