कोपऱ्यातली लाथ

ये, अशी जवळ बस. दाराशी काय टेकतेस पाहुण्यासारखी? इथला शेजार सोडून गावातल्या गावात बाग सेवनियाला राहायला गेलीस म्हणजे काय परदेशी गेलीस? दोन-दोन महिने आमच्या सोनागिरीकडे फिरकायचं नाही, ही काय रीत झाली? बरं, नाही बोलत. चहा घे. आज एक सांगायचंय. आजवर कुणाला सांगितलेलं नाही — माझ्या मुलालासुद्धा नाही.

त्याची मुलगी ईशा, माझी नात, बंगळूरला व्हिडिओ गेम बनवते हे तुला माहीत आहे. पण मी ते खेळते, हे माहीत होतं? दिवाळीला आली तेव्हा टीव्हीला गेमचा डबा जोडून गेली, माझ्या हातात कंट्रोलर देऊन. मारामारीचा गेम. एक मुलगी डोंगरावरच्या आखाड्यांत एकेका उस्तादाला हरवत वर चढते. त्यातली सगळी लढाई ईशाने रचलेली. म्हणाली, ‘‘आजी, आमच्याकडचे सगळे तयार खेळाडू. मला तुझ्यासारखं नवखं माणूस हवंय. लढाईत काय चांगलं, काय कच्चं, दर रविवारी सांग.’’

दर रविवारी. तेवढेच शब्द मी धरून ठेवले.

आणि चांगलं खूप होतं, खोटं नाही सांगत. उस्ताद वार करण्याआधी खांदा किंचित मागे घ्यायचा — नीट बघणाऱ्याला कळायचं. नेमक्या क्षणी हात आडवा घातला की त्याचाच जोर त्याच्यावर उलटायचा. फटका बसला की चित्र पापणी लवण्याइतकं थबकायचं, आणि कंट्रोलर माझ्या तळहातात थरथरायचा. माझा हात असा कुणी हातात घेतला नव्हता, किती दिवसांत — जाऊ दे.

तिसऱ्या आठवड्यात मला ते सापडलं. माझी बोटं संथ. म्हणून मी आपली आखाड्याच्या कोपऱ्याला पाठ लावून खाली बसायचे आणि उस्तादाच्या पायांवर लाथ मारायचे. तो पडायचा. उठतोय तोवर दुसरी लाथ. पुन्हा पडायचा. बिचाऱ्याला उभं राहायला सवडच नाही. सगळेच तसे — अगदी शिखरावरचा शेवटचा उस्तादसुद्धा. मग तो खांदा कशाला बघायचा, हात कशाला आडवा घालायचा? दोन वर्षं खपली होती पोर, आणि एका लाथेपुढे सगळं फुकट.

सांगायला किती वेळ लागला असता? पण सांगितलं, की ती दुरुस्त करणार. काम संपणार. मग? आधी तिचा फोन सणावारी यायचा. आता दर रविवारी तासभर — जेवलीस का, काय केलंस, खोलीतली मैत्रीण कशी भांडली. म्हणून मी बारीकसारीक उणिवा पुरवून पुरवून सांगितल्या. पट्ट्याचा रंग खुपतो. ढोल फार वाजतो. पायरीवर पाय घसरतो. एका रविवारी तिने सरळच विचारलं, एखादी युक्ती सगळ्यांवर चालते का गं?

‘‘छे गं,’’ म्हटलं, ‘‘घाम काढतात मेले.’’

गेम बाजारात आला. दोन दिवसांत लोकांनी त्या लाथेचे व्हिडिओ टाकले. एकाने तर एका हाताने समोसा खात शेवटचा उस्ताद लोळवला. सगळे हसले. ईशाकडून लढाईचं काम काढून घेतलं; आता ती पडद्यावरची अक्षरं जुळवते.

तिचा फोन आला. ‘‘आजी, तू इतकी खेळलीस. तुला कधी दिसलं नाही?’’

आणि मी काय म्हणाले असेन? ‘‘डोळे गं बेटा. आता नीट दिसत नाही.’’

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आदल्या वर्षीच झालेलं. सुईत दोरा मी आजही पहिल्या फेरीत ओवते — तू बघितलंयस.

 मग तिनेच माझी माफी मागितली. या वयात उगाच तुझ्या डोळ्यांना ताण दिला म्हणाली. तेव्हापासून खेळायला काही पाठवत नाही. फोन पुन्हा सणावारी. आधी विचारते, डोळ्यांत थेंब घातलेस का?

मी हो म्हणते.

एकटी होतीस म्हणून झालं, असं तू म्हणशील. नको म्हणूस. त्या शहरात तीही एकटीच होती.

चहा गार झाला बघ तुझा. निघालीस? लवकर ये गं परत. दोघींना समोरासमोरही खेळता येतं त्यात; दुसरा कंट्रोलर आहे, तुझ्यासाठी चार्ज करून ठेवते. मी कोपऱ्यात बसणार नाही.