पंधरा किलोचा पेशंट

निर्णय घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत; पण निर्णयाला टेबलावर आडवं घालून, त्याचं बीपी तपासून, मगच त्याला हात लावणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच: माझ्या बायकोची मावशी. नागपूरला डॉक्टर होऊन ती अमेरिकेत आली आणि भूलतज्ज्ञ म्हणून जन्मभर लोकांना झोपवत राहिली. रिटायर झाल्यावर तिनं आणि काकांनी वॉशिंग्टन राज्यात, आमच्या बेलव्ह्यूहून घाट ओलांडून पलीकडे, कोरड्या माळावर पाच एकर जागा घेतली आणि कोंबड्या पाळल्या. स्वतः ती अंड्याला शिवत नसे. अंडी शेजाऱ्यांना, आणि उरलेली आम्हाला, जबरदस्तीनं.

कोंबड्यांना तिनं हॉस्पिटलातल्या विभागांची नावं दिली होती, कारण म्हणे स्वभाव जुळतात. दाण्यांवर पहिली झडप घालायची ती सर्जरी, कोपऱ्यात एकटीच मान वाकडी करून बसायची ती सायकियाट्री. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितलेली नव्हती. त्यामुळे दोन हजार चार-पाचच्या हिवाळ्यात एका सकाळी मावशीचा फोन आला, "कार्डिऑलॉजी गेली गं!" तेव्हा काकांचं हृदय बंद पडलं असं समजून माझ्या बायकोनं त्यांच्या नावानं रडायलाच सुरुवात केली. काकांनी स्वतः फोनवर येऊन आपण ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी तिचे हुंदके थांबेनात.

कार्डिऑलॉजीला कायोटीनं उचललं होतं. हा प्राणी अंगानं कोल्ह्याहून दांडगा, लांडग्याहून किरकोळ आणि अकलेनं दोघांच्याही वरचढ. पाठोपाठ ऑर्थोपेडिक गेली. मावशीनं कुंपण वाढवलं, दिवे बसवले, खुराड्यापाशी रेडिओ चालू ठेवला. कायोटी बहुधा बातम्या संपेपर्यंत थांबला आणि जाताना पीडियाट्रिक घेऊन गेला. तेव्हा शेजारचा मेंढ्यावाला म्हातारा म्हणाला, "डॉक, आता रायफल घे."

रायफल घ्यायला मावशीची ना नव्हती. कॉलेजात एनसीसीत तिनं नेमबाजीचं बक्षीस मिळवलं होतं. प्रश्न होता कॅलिबरचा, म्हणजे गोळी केवढ्या मापाची हवी याचा. तो अख्खा हिवाळा त्या प्रश्नात गेला. आम्ही जेवायला बसलो की फोन यायचा. "जावईबापू, तुम्ही इंजिनियर आहात ना, मग सांगा. वारा सुटला तर हलकी गोळी किती सरकते?" मी डेटाबेस सांभाळणारा माणूस. मी म्हणायचो, "मावशी, बघून सांगतो." ती म्हणायची, "राहू द्या, मी बघितलंय," आणि मग अर्धा तास मलाच सांगायची. मधूनमधून काकांचा आवाज यायचा, "मला बघायला आली होती तेव्हा वीस मिनिटांत हो म्हणाली हो ही!"

एका शनिवारी ती मला गावातल्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार दाढीवाला, दाराएवढा रुंद. त्यानं मोठ्या प्रेमानं टू-फॉर्टी-थ्री मापाची रायफल पुढे ठेवली. "हिनं हरीणसुद्धा पडतं, मॅम."

"माझ्या पेशंटचं वजन पंधरा किलो," मावशी म्हणाली. "हरणाचा डोस मी त्याला का देऊ?"

त्यानं ट्वेंटी-टू टू-फिफ्टी काढली. ही फार वेगवान, गोळी लांबवर सरळ रेषेत जाते. मावशीनं विचारलं, "रोज पन्नास गोळ्या कागदावर मारल्या तर नळी किती टिकेल?" दुकानदार दाढी खाजवत म्हणाला की वेगाच्या मानानं नळी लवकर झिजते आणि गोळ्याही महाग पडतात. "आणि साधी ट्वेंटी-टू?" "ती जवळून ठीक, मॅम. लांबून नुसती जखमी करेल."

"म्हणजे पेशंट अर्धवट जागा राहणार. नाही चालायचं बाप्पा." तिनं ती रायफल अशी बाजूला सारली, जणू दुकानदारानं तिला मुदत संपलेलं औषध दाखवलं होतं.

मग दुकानदारानं मधल्या ताकदीची टू-टू-थ्री काढली. दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर तिनं तिन्ही मोठ्या रायफली चालवून पाहिल्या आणि प्रत्येक गोळीनंतर स्वतःची नाडी मोजली. शेवटी टू-टू-थ्री ठरली. खांद्याला धक्का कमी, गोळ्या स्वस्त, सरावाला उत्तम आणि पंधरा किलोला पुरेशी. दुकानदार घाम पुसत माझ्या कानाशी म्हणाला, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, यार. या बाई अजून काम करतात का?"

त्यानंतर माळावर रोज सकाळी कागदी थाळ्या टांगल्या जाऊ लागल्या. महिन्याभरात मावशी थाळीच्या मधोमध भोक पाडू लागली. वाढदिवसाला आम्ही गेलो की केक येई तोही मधोमध भोक असलेल्या थाळीत.

वसंतात आम्ही तिच्याकडे राहायला गेलो होतो. पहाटे उजाडताना कायोटी कुंपणापाशी आला. मावशी व्हरांड्यात आधीच बसलेली होती. एकच आवाज झाला. मी बाहेर धावलो तोवर ती त्याच्यापाशी पोचलीसुद्धा होती. म्हातारा होता तो, एक पाय कधीकाळी मोडलेला, फासळ्या दिसत होत्या. मावशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं नाडी शोधत दोन बोटं त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला ठेवली. बराच वेळ ठेवली.

"लगेच गेला," ती म्हणाली. "त्याला काही कळलं नाही." मग माझ्याकडे न बघता, "जावईबापू, इतकी वर्षं मी झोपवलेल्या प्रत्येकाला उठवायची जबाबदारीही माझीच असायची."

काका कुदळ घेऊन आले. आम्ही तिघांनी मिळून त्याला पुरलं.

त्यानंतर तिनं कायोटीवर गोळी झाडली नाही. खुराड्याला वरूनखालून जाड जाळी ठोकून घेतली आणि रायफल फक्त थाळ्यांसाठी ठेवली. पुढे एकदा तिनं ती माझ्याही हातात दिली. ती मागे उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "घाई नाही. श्वास सोडा. पूर्ण नको, अर्धा. मी आहे इथे."

थाळीला गोळी लागली की नाही, ते आठवत नाही. पण ऑपरेशनच्या टेबलावर, घरापासून लांब, भेदरलेल्या किती माणसांनी या आवाजाच्या भरवशावर निर्धास्त डोळे मिटले असतील, ते मला त्या सकाळी समजलं.